कुत्र्याची मौत

मराठी माणसाला दुसऱ्याला शाप द्यायचा झाला, म्हणजे त्याला फार दूर जावे लागत नाही. 'कुत्र्याच्या मौतीने मरशील' एवढे म्हटले की भागते. कोणाची दैना सांगायची असेल, तर त्याचे हाल कुत्रा खात नाही असे म्हणावे. कोणाचा स्वभाव सुधारत नसेल, तर त्या बिचाऱ्या जनावराचे शेपूट नळीत घालावे. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून तीसएक वर्षे मराठी शिकवले आणि 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न शेकडो वेळा घातला. पण कुत्र्याची मौत म्हणजे नेमकी कोणती मौत, हे एकाही पोराने विचारले नाही आणि कोणत्याही मार्गदर्शकात ते छापलेले नाही. तो अर्थ या दिवाळीला सांगावा अशी माझी इच्छा आहे. सणासुदीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून ज्यांना करंजी कडू लागेल, त्यांनी चार पाने उलटून पुढच्या विनोदी कथेकडे खुशाल जावे. दिवाळी अंकात ती असतेच.

तर अर्थ असा. खामगावच्या रस्त्यावर रात्री ट्रकखाली सापडावे, सकाळी कोणीतरी पायाला तार बांधून नाल्यापर्यंत ओढत न्यावे, आणि पुढचे काम कावळ्यांवर सोपवावे, ही एक मौत. दोन घरांचे बांधावरून भांडण व्हावे आणि एका घराने दुसऱ्या घराच्या राखणदाराला भाकरीतून विष घालावे, ही दुसरी. चार महिन्यांच्या पिल्लाला पार्वो होऊन त्याने ओट्याखाली रक्त हगत तीन दिवस तडफडावे, आणि पशुवैद्याकडची लस ही 'कुत्र्यावर कोण पैसा घालतो' म्हणून राहून गेलेली असावी, ही तिसरी. आणि आमच्या भागातली खास चौथी म्हणजे गळ्यात साखळी असताना बिबट्या येणे. या चारही मौतींपैकी एकही कुत्र्याने शोधून काढलेली नाही. ट्रक आपला, विष आपले, कंजूषपणा आपला आणि साखळीही आपलीच. शाप मात्र त्याच्या नावाने!

आमचा भुऱ्या या चारांपैकी कोणत्याही मौतीने मेला नाही, हे आधी सांगून टाकतो. गेल्या वर्षी कोजागरीनंतर आठव्या दिवशी, बारा वर्षांचा होऊन, आमच्या ओसरीवर, माझ्या आईच्या खाटेखाली तो मेला. आमचे गाव घाटावरचे, बोथ्याच्या जंगलाच्या अंगाला. शेताच्या बांधावर, बोरीच्या झाडाजवळ मी आणि माझ्या धाकट्या मुलाने खड्डा खणला आणि त्याला पुरले. वर दगड रचले, कारण कोल्हे उकरतात. झाले ते एवढेच. मला जे म्हणायचे आहे, ते त्यानंतर लोकांनी जे केले त्याविषयी आहे.

पहिला भेटला तो शेजारी. भला माणूस, वेळेला धावून येणारा. पण माझे डोळे पाहून तो म्हणाला, "कायले रडता गुरुजी, कुत्रंच तं होतं ना बाप्पा! दुसरं आणू." दुसरा भेटला तो माझ्या मुलाच्या कचेरीतला साहेब. मुलाने एका दिवसाच्या रजेचा अर्ज दिला होता आणि कारण लिहिले होते, 'घरातील कुत्र्याचे निधन'. साहेबांनी रजा दिली, पण 'निधन' या शब्दाखाली तांबडी रेघ मारली आणि तो कागद चहाच्या वेळेला सगळ्या टेबलांवरून फिरवला. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे त्या रेघेवर मला विचार करावा लागला. आपल्याकडे संत समाधिस्थ होतात, पुढारी कालवश होतात, शेजारचे आजोबा वारतात आणि कुत्रे मरते. मरते तर मरते. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या रेघेचा अर्थ असा की, ज्याला निधन म्हणता येत नाही त्याचे दुःखही करता येत नाही, आणि केलेच तर ते चहाबरोबर वाटून खाण्याजोगे असते. माझी तक्रार त्याबद्दल आहे, आणि ती एका साहेबापुरती नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, ज्या पश्चिम विदर्भात शेतकरी गळफास घेतात, तिथे बसून तुम्ही कुत्र्यासाठी लेख लिहिता? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या घरी ते मरण झाले, अशा दोन घरांच्या अंगणात मी बसून आलो आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या अंगणात आले होते, हे मी मोजले आहे. दुःख म्हणजे रेशनचे धान्य नव्हे, की एकाला किलोभर दिले म्हणजे दुसऱ्याच्या पिशवीत कमी पडावे. उलट माझा अनुभव असा, की ज्या बाईच्या डोळ्यांत मुक्या जनावरासाठी पाणी येते, तीच शेजारणीच्या घरी मध्यरात्री भाकऱ्या बडवून नेते. आणि ज्याचे डोळे कुत्र्यासाठी कोरडे, त्याचे माणसासाठीही फारसे ओले होत नाहीत. त्याला कोणते तरी निमित्त लागते. कुत्रा मेला तर तो माणसांकडे बोट दाखवतो. माणूस मेला तर सरकारकडे.

आणि हा 'कुत्रंच तं होतं' म्हणणारा माणूस पोळ्याच्या दिवशी काय करतो? आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपा-हळदीने शेकतो, त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण देतो, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पुढ्यात पुरणपोळी! ते करावेच. म्हातारा बैल दावणीला मेला तर आमच्या गावात घरधनी ओक्साबोक्शी रडतो आणि त्याला कोणी हसत नाही. मला दिसते ते कारण असे, की बैलाची किंमत बाजारात ठरलेली आहे. त्याचे दुःख म्हणजे निदान अर्धे तरी नुकसानीचे दुःख, आणि नुकसान आपल्याला समजते. कुत्र्याची मजुरी कोणी कधी मांडली आहे? हरभरा घाटे धरू लागला, म्हणजे रोह्यांचे कळप आणि रानडुकरे रात्रीतून वावर साफ करतात. मचाणावर जागल करणारा मालक दोन वाजता घोरत असतो. खाली जागा असतो तो भुऱ्या. बारा वर्षांत त्याने किती पोती हरभरा वाचवला, याचा हिशोब तलाठ्याच्या कोणत्याही रकान्यात नाही. त्याचा रोज काय, तर सकाळची अर्धी भाकरी, तीही शिळी.

धर्माचा आधार घेऊन कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारे लोक मला अधिक गमतीचे वाटतात. कुत्रा अमंगळ, त्याच्यासाठी कसले सुतक, असे ते म्हणतात. त्यांनी महाभारत वाचलेले नसते. टेलिव्हिजनवर पाहिलेले असते. त्या ग्रंथाच्या आरंभीच, पौष्यपर्वात, जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या एका पिल्लाला विनाकारण मारतात. ते पिल्लू आईकडे रडत जाते आणि ती देवांची कुत्री सरमा थेट राजाच्या यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, की माझ्या मुलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही, मग मारले का? सम्राटाच्या भावांपाशी उत्तर नसते. आणि ग्रंथाच्या शेवटी भाऊ गेले, द्रौपदी गेली, आणि हिमालयात धर्मराजाबरोबर उरतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराज स्वर्ग नाकारतो, कुत्रा सोडत नाही. एवढा मोठा ग्रंथ कुत्रीच्या तक्रारीने सुरू होतो आणि शेवटाला कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार अडवून धरतो. आणि त्याचे वारस अर्जातल्या 'निधन' शब्दाखाली रेघा मारतात! दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात आणि कोटंब्यातून खातात. श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. म्हणजे आमच्या बापाच्या मरणात कुत्र्याचा वाटा चालतो. कुत्र्याच्या मरणात आमचा वाटा चालत नाही.

मुंबईच्या पारशांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक इमान दाखवले. त्यांच्यात माणूस वारला म्हणजे त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्या विधीला सगदीद म्हणतात. 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या हुकमाने मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालली, तेव्हा या शांत आणि व्यापारी समाजाने दुकाने बंद केली, रस्त्यावर उतरून दंगा केला आणि शिक्षाही भोगल्या. आणि नेपाळात? आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या सुमारास अभ्यंगस्नान चालते, त्याच वेळी तिथे तिहारात कुकुर तिहार असतो. कुत्र्यांच्या कपाळी टिळा, गळ्यात झेंडूचा हार, पुढे गोडधोड. त्याच दिवशी आपण कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधतो. सगळे बांधत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पाहून हसणारे किती असतात, तेही ठाऊक आहे.

आता रायगडावर चला. तिथे शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. 1680 साली महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी आख्यायिका आहे. 2012 साली काही जणांनी तो पुतळा उखडून दरीत फेकला. तो पुन्हा बसवण्यात आला. 2025 मध्ये तो काढावा म्हणून पुन्हा मोठा वाद झाला. समकालीन कागदांत या कुत्र्याचा पुरावा नाही, हे इतिहास जाणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते, आणि पुतळा तिथे असावा की नसावा हे त्यांनीच ठरवावे. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. ही आख्यायिका लोकांना एवढी का आवडली? कारण तिच्यात कुत्रा माणसासाठी मरतो. जपानातला हाचिको 1925 मध्ये मालक वारल्यावर 1935 मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर वाट पाहत राहिला, म्हणून त्याचाही पुतळा झाला. कुत्र्याने माणसासाठी प्राण दिला की ती निष्ठा, ते स्मारक, तो पाठ्यपुस्तकातला धडा. माणसाने कुत्र्यासाठी दोन आसवे गाळली की ते खूळ! हा कुठला न्याय? निष्ठा एका बाजूनेच वाहायची असेल, तर तिला निष्ठा म्हणू नये, वेठ म्हणावे.

आणि उलट दिशेने वाहिलेल्या निष्ठेचा दगडी पुरावा हवा असेल, तर रायगडापर्यंत जायला नको. साताऱ्याजवळ संगम माहुलीला जावे. तिथे छत्रपती शाहूमहाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला होता. महाराजांनी त्याला सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा भर दरबारात त्याच्या अंगावर जरीची झूल घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात हे सगळे नोंदवले आहे, पण कसे? महाराजांच्या बुद्धिभ्रमाचे लक्षण म्हणून! साहेबाची तांबडी रेघ तेव्हापासूनची आहे. ज्या प्राण्याने आपला प्राण वाचवला त्याला जहागीर देणे हे वेड, आणि लढाईत पळून गेलेल्या सरदाराच्या नातवाला वतन चालवणे हा राज्यकारभार. 1749 मध्ये शाहूमहाराज वारले. त्या काळातल्या किती सरदारांची नावे आज लोकांच्या तोंडी आहेत? खंड्याचे आहे.

सरकारालाही हे समजते, पण गणवेश घातला तरच. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्रॅडॉर 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकून काढीत होता. 2000 च्या नोव्हेंबरात तो वारला (मी मुद्दाम 'वारला' म्हणतो), तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन पुरले. कोणी रेघ मारली नाही.

हे दुःख अलीकडच्या सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, असेही काही जण म्हणतात. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 मध्ये एक दफन सापडले, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रे होते. पुढे संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात तपासले, तेव्हा ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि डिस्टेंपर या रोगाने कित्येक आठवडे आजारी होते असे दिसले. माणसाने पाणी पाजले, ऊब दिली, घाण पुसली, म्हणून ते तितके दिवस जगले. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नव्हते. शेती नव्हती, गाव नव्हते, चोर येईल असे घर नव्हते. तरी कोणीतरी त्याच्या उशाशी बसले होते. आपल्या काश्मीरात बुर्झाहोम येथेही नवाश्मयुगातली माणसे कुत्र्यांसह पुरलेली सापडली. चोचले म्हणायचे तर ते गव्हाच्या पेरणीपेक्षा जुने आहेत.

आमच्या घरात हा वाद माझ्या आईमुळे पेटला. ज्या वर्षी घरात मरण होते, त्या वर्षीच्या दिवाळीला घरी तळण करीत नाहीत, शेजारपाजारचे ताट येते, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आईने सुनेला सांगून टाकले, की यंदा कढई चढवायची नाही. घाटाखालून माझ्या मामेभावाचा फोन आला. कुत्र्यासाठी दिवाळी मोडणार? गावात तोंड दाखवायला जागा राहील का? पोराबाळांनी काय खावे? आईने फोन घेतला आणि म्हणाली, "बारा वर्सं त्यानं मले रातच्याला एकटं पडू दिलं नाही. तू किती रात्री आला रे?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तिला शास्त्र विचारले नाही. शास्त्रात कुत्र्याचे सुतक नसेलही. पण शास्त्राने चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या खाटेखाली रात्र काढलेली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वस्तीवरची धनगराची सून पदराखाली झाकून करंज्यांचे ताट घेऊन आली. तिच्या मेंढरांमागे तीन कुत्री असतात. ती काही बोलली नाही, ताट ठेवून गेली. मामेभाऊ सुशिक्षित आहे.

आता आमच्याच पक्षातल्या लोकांना चार शब्द सुनावले नाहीत, तर हा लेख एकांगी होईल. खामगाव-मलकापूरकडच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात जे बर्फाळ मुलखातला केसाळ हस्की विकत आणतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि दोन वर्षांनी तो जड झाला म्हणून बोथ्याच्या घाटात गाडीतून उतरवून देतात, त्यांच्या श्वानप्रेमाशी माझे नाते नाही. जे रस्त्यावरच्या वीस कुत्र्यांना बिस्किटे टाकून पुण्य जोडतात, पण त्यांतल्या एकालाही रेबीजची लस टोचून घेत नाहीत, त्यांच्याशीही नाही. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक सगळी कुत्र्याच्या चाव्याने. अर्ध्याच्या आसपास मुले. ज्या आईचे लेकरू तसे गेले, तिने कुत्र्याच्या जातीला शाप दिला तर मी तिच्यापुढे मान खाली घालीन. पण हा शाप टाळण्याचा उपाय आपल्या शेजारी आहे. गोव्याने गावोगाव कुत्र्यांना लशी टोचल्या, आणि लागोपाठ तीन वर्षे रेबीजचा रुग्ण नाही म्हणून 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले. 2025 मध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात हुकूम झाले, ते बदलले, पुन्हा झाले, आणि वर्तमानपत्रांतून दोन तट एकमेकांवर भुंकत राहिले. लशीच्या सुईबद्दल मात्र दोन्ही तटांना फारसे बोलायचे नव्हते.

आणि साखळीचे काय? ज्ञानगंगा अभयारण्याला लागून आमची वावरे आहेत. 2019 च्या अखेरीस टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालून एक वाघ तिथे आला, तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला! पण वाघ पाहुणा, बिबट्या घरचा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तर त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. हे समजूनही आपण राखणदाराला रात्री गोठ्याबाहेर साखळीने खुंटाला बांधतो. मोकळा असता तर तो पळाला असता, घरात शिरला असता. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या नरडे धरतो. आमच्याकडे पट्टा नाही, फक्त साखळी. सकाळी रिकामी साखळी पाहून मालक चुकचुकतो आणि संध्याकाळी त्याच साखळीला दुसरे पिल्लू बांधतो. 'दुसरं आणू' याचा अर्थ हा असतो. दुःख करायचे नाही, असे ठरवले की दुसरे आणणे फार सोपे जाते.

कायद्याने काही होईल म्हणाल, तर 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. साठ वर्षे उलटून गेली. तेलाचा डबा कुठून कुठे गेला, हा आकडा हलला नाही. नव्या न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावराला मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण विष घातलेली भाकरी घेऊन पोलीस ठाण्यात जाणारा माणूस मला अजून दिसलेला नाही. तो तिथे गेला, तर काय ऐकेल हे त्याला माहीत आहे. शेजाऱ्याने मला ऐकवले तेच.

म्हणून मी एक ठराव लिहून ठेवला आहे. गावातल्या प्रत्येक कुत्र्याला, मग तो कोणाच्या दारातला असो की चावडीवरचा, वर्षातून एकदा पंचायतीच्या खर्चाने रेबीजची लस. शिवाराच्या कडेला राहणाऱ्या घरांतून रात्री साखळी बंद, कुत्रा गोठ्याच्या आत. आणि गायरानातली दोन गुंठे जागा मेलेल्या जनावरांना पुरण्यासाठी, नाला त्यासाठी नाही. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो मी मांडणार आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे, धनगराच्या सुनेला विचारले, ती म्हणाली, "सही येत नाही गुरुजी, अंगठा चालंल का?"